धोतरातून गाळलेलं ब्रेक ऑइल

मित्रांनो, या जगात पळवणारे पुष्कळ आहेत. थांबवणारा मी एकटा. घोड्यांच्या ताकदीची वर्णनं करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की वेगाचा शेवटचा निकाल माझ्या हाती असतो. ज्या दिवशी मी मनावर घेणार नाही, त्या दिवशी भल्याभल्यांना कुलदैवत आठवेल.

मी एक जुनं ब्रेक ऑइल आहे. सगळं मिळून अर्धा लीटर. बॉनेटखाली, बॅटरीच्या शेजारी, लोणच्याच्या लहान बरणीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत माझा मुक्काम. मला हात नाहीत. वरचं वाक्य बोलण्याच्या भरात जरा लांबलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तेव्हा माझा रंग कोवळ्या मधासारखा होता. बाटलीला सील होतं आणि सीलवर बारीक अक्षरात सूचना होत्या. त्या सूचना आजवर ज्यांनी वाचल्या त्यांची संख्या मी पुढे सांगणारच आहे, मोठी नाही. आणखी एक खुलासा करतो. लोक मला ऑइल म्हणतात, पण मी तेल नाही. तेल पाण्याला जवळ येऊ देत नाही. मी मात्र हवेतलं पाणी गुपचूप पीत बसतो. हा माझा स्वभावदोष आहे. म्हणून मला झाकून ठेवायचं असतं आणि दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.

मला अकरा वर्षं बदललं नाही.

मी ज्या मोटारीत राहत होतो, ती एके काळची तेज मोटार. वय वीस, रंग काळा, आवाज वयाला न शोभणारा. पहिला मालक नांदेडचा डॉक्टर, दुसरा परभणीचा गुत्तेदार, आणि तिसरा शिरड शहापूरचा हरीश. हरीशचं वय बत्तीस, घरी हळदीची शेती आणि डोक्यात मोटार. तिन्ही मालकांत एक साम्य होतं. इंजिन ऑइल दरवर्षी बदलायचं, त्याच्या नावाचा कागद काचेवर चिकटवायचा, गाडीत गुलाबाच्या वासाची डबी टांगायची, मागे पंख लावायचा. हे पंख लावलेलं वाहन कधी उडालं नाही, पण मालकाला तसं वाटत असे, आणि त्याचं वाटणं थांबवणं माझ्या कामात येत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मला ओतलं, त्यानंतर माझी डबी कोणी उघडली नाही. मी मधाचा चहा झालो, चहाचा काढा झालो. तरी पेडल दाबलं की मी निमूटपणे दाब चाकांपर्यंत पोचवत होतो. कौतुक झालं ते हॉर्नचं.

यंदाच्या मार्चमध्ये प्रकरण सुरू झालं. हरीशची बायको पुनम ही सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळा लागला आणि शाळा सकाळची झाली. साडेसातला घंटा. आणि त्या बाजूला जाणारी पहिली लाल बस गावातून सुटते आठ वाजून दहा मिनिटांनी, तीही ड्रायव्हरचा चहा झाला असला तर. चार दिवस पुनम पहिला तास संपल्यावर पोचली. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांनी लेखी दिलं: पुढच्या सोमवारपासून वेळेवर, नाहीतर तुमच्या जागी दुसऱ्या बाई. पुनमला मोटार चालवता येत होती, रीतसर परवाना होता. हळद काढणीच्या घाईत हरीशला सोडायला जाता येत नव्हतं. मग चावी तिलाच द्यावी, इतकी सोपी गोष्ट होती. सोपी गोष्ट असली की घरातली माणसं जमतात.

हरीशचे वडील तातेराव म्हणाले, "गाडी द्यायला माझी ना न्हाई. पण ती थांबत न्हाई."

"थांबती की, आबा."

"थांबती, पण दुसऱ्याच्या शेतात. मागल्या बारीला मला आपल्या आखाड्यावर उतरायचं व्हतं आन् उतरलो मी जळबाच्या भुईमुगात. आधी ब्रेक कर. मग रस्त्यावर हळदीची रेघ मारतो. रेघीच्या आत गाडी थांबली, चावी सुनंची. न्हाई थांबली, तर गाडी बी ठिवायची न्हाई आन् नोकरी बी न्हाई."

पुनमने अट मान्य केली. हातात आठवडा होता.

मित्रांनो, आता मी मनाशी म्हणालो, अखेर आपला दिवस आला. ब्रेक सुधारायचा म्हणजे पहिलं काम काय? जुनं ब्रेक ऑइल काढा, नवं भरा, झिजलेले पॅड बदला. एका सकाळचं काम. जुनी डिस्क, म्हणजे चाकाआतली लोखंडी तबकडी, अजून धडधाकट होती. तिच्या कामात मी अकरा वर्षांत खोट पाहिली नाही. पण हे कोणाला सुचलं नाही, कारण नवं ऑइल बाहेरून दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर चर्चा करता येत नाही, आणि चर्चेशिवाय आमच्याकडे पंक्चरही निघत नाही.

बैठक भरली ती शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरापाशी. कडुलिंबाखाली बाज टाकलेली. बाजेवर शेजारचे जळबा, वय सत्तर. आयुष्यात त्यांनी बैलगाडी सोडून काहीही चालवलं नव्हतं, म्हणून त्यांचं मत कुठल्याही वाहनावर निःपक्षपाती असे. खाली उकिडवा बसलेला भीमराज. हा वसमतला गॅरेजमध्ये होता. तिथून बाहेर पडला आणि तेव्हापासून स्वतःला स्वतंत्र समजतो. हरीशच्या हातात मोबाइल. त्यावर एक परदेशी गृहस्थ बर्फातल्या रस्त्यावर गाडी थांबवून दाखवत होता. शिरड शहापूरला बर्फ पडला तर काय करायचं, याची सोय त्यामुळे झाली.

"मागचे ड्रम काढून डिस्क टाकू," हरीश म्हणाला.

"मागं काय करून राहिला? मागं बघतंय कोण?" भीमराज म्हणाला. "पुढं घ्या. मोठी डिस्क, तिला चिमटा घालायला चार पिस्टनचा कॅलिपर. लाल. चाकातून असा लालभडक दिसंल."

"डिस्क साधी घ्यावी का भोकाची?"

"भोकाची. भोकातून हवा जाती."

जळबांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "भोकं पाडलेला तवा कोण इकत घेतं रे? भाकर खाली पडंल."

"जळबातात्या, त्यो तवा न्हाई, ब्रेक हाय."

"मग भोकं काहून?"

याचं उत्तर शोधण्यापेक्षा वस्तू मागवणं सोपं होतं. म्हणून भोकाची घ्यायची ठरली.

पुनम पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "गाडी माझ्यानं थांबावी एवढंच पायजे मला. लाल नसलं तरी चालंल."

"वहिनी, हे टेक्निकल हाय," भीमराज म्हणाला. ती विज्ञान शिकवते हे त्याला माहीत होतं. हेही माहीत होतं की विज्ञान शाळेत असतं.

मी डबीतून सगळं ऐकत होतो. बैठकीत डिस्कचं नाव अठ्ठावीस वेळा आलं, लाल रंगाचं सोळा वेळा. माझं एकदाही नाही.

बुधवारी खोकं आलं. द्वारकाबाईंनी, म्हणजे हरीशच्या आईने, खोक्यातला लाल कॅलिपर पाहिला आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. शेंदूर लावलेला देव असावा असा त्यांचा समज झाला. पुढे तो लोखंडाचा आहे हे कळल्यावरही त्यांनी हात सोडले नाहीत. देवही बरेचदा दगडाचाच असतो, असं त्या म्हणाल्या. त्या पूर्ण बैठकीपेक्षा शहाणपणाचं असं हे एकच वाक्य मी ऐकलं.

भीमराजने जुने कॅलिपर काढले. नळ्या मोकळ्या झाल्या आणि मी थेंबाथेंबाने खाली ठेवलेल्या घमेल्यात उतरलो. अकरा वर्षांनी उजेड पाहिला. मला वाटलं, चला, निवृत्त झालो.

"हे फेकायचं का?" हरीशने विचारलं.

भीमराजने माझ्यात बोट बुडवलं, बोटावर बोट घासलं आणि वैद्यासारखे डोळे मिटले. "फेकताय काहून? बराबर हाय माल. गाळून परत टाकू."

मग नवं संकट उभं राहिलं. मोठी डिस्क बसवली तर जुनं चाक वर बसेना. डिस्क मोठी, चाक लहान. टोपी घेतली, डोकं मापायचं राहिलं, असा प्रकार. हरीश मोठी चाकं शोधायला नांदेडला गेला, तो दोन दिवस आला नाही. हे दोन दिवस मी घमेल्यात उघडा पडून होतो. आणि कुठे? हळद शिजवायच्या कुकरला लागून.

ज्यांनी मार्चमध्ये हिंगोली जिल्हा पाहिला नाही त्यांना सांगतो. शेतातून निघालेली ओली हळद मोठ्या पिंपांत भरतात, बॉयलरची वाफ सोडतात आणि शिजवतात. पिंपाचं झाकण उघडलं की पांढऱ्या वाफेचा ढग आखाडाभर होतो. माणसाला माणूस दिसत नाही, नुसतं खोकणं ऐकू येतं. तातेरावांनी दोन दिवसांत चाळीस पिंपं शिजवली. माझा स्वभावदोष तुम्हाला सांगितलाच आहे. मी पीत राहिलो. वाटसरूने लग्नाच्या पंगतीत बसावं तसा पीत राहिलो.

शनिवारी चाकं आली. भीमराजने जळबांच्या जुन्या धोतराचं फडकं घेतलं आणि मला त्यातून गाळलं. कचरा फडक्यात राहिला, पाणी माझ्यात राहिलं. पाणी फडक्यात अडकत नाही हे तिसरीच्या पोराला ठाऊक असतं. पण हे टेक्निकल होतं. कमी पडलं तेवढं एका अर्धवट बाटलीतून वर ओतलं, पेडल मारून हवा काढली, आणि पेडल टणक झालं. भीमराज म्हणाला, "दगड!"

रविवारी सकाळी परीक्षा. आखाड्यापासून कालव्याकडे उतरत जाणारा डांबरी रस्ता. तातेरावांनी मुठीतून हळद सोडत आडवी पिवळी रेघ मारली. अलीकडे बाभळीखाली एक धोंडा ठेवला. धोंड्यापाशी ब्रेक दाबायचा, रेघीच्या आत थांबायचं. गावातली पंधरा-वीस माणसं जमली. जळबांनी बाज उचलून आणली आणि रेघीच्या पलीकडे, अगदी समोर मांडली. नीट दिसावं म्हणून.

आधी हरीश बसला. नवी वस्तू बायकोच्या आधी आपण वापरून बघावी, या भावनेने. गाडी सुसाट आली, धोंड्यापाशी ब्रेक दाबला आणि रेघीच्या आठ पावलं अलीकडे थांबली. माणसं ओरडली. मग दुसऱ्यांदा. मग मोबाइलवर चित्रण नीट आलं नाही म्हणून तिसऱ्यांदा. मग भीमराजला आपलं काम आपल्या पायाने अनुभवायचं होतं म्हणून दोनदा. मग पुन्हा हरीश, दोनदा. सात फेऱ्या झाल्या. डिस्कमधून जळका वास येऊ लागला. जळबा म्हणाले, "वास येतोय म्हंजे काम करून राहिलंय."

आतमध्ये मी तापलो होतो. निव्वळ ब्रेक ऑइल असतो तर मी हूं की चूं केलं नसतं. माझ्या जातीला उकळायला फार मोठा जाळ लागतो. पण माझ्यात चाळीस पिंपांची वाफ पाणी होऊन बसली होती. तिची आता परत वाफ होऊ लागली. आणि मित्रांनो, हे नीट ऐका. ऑइल दाबलं तर ते दबत नाही, दाब पुढे जातो. वाफ दाबली तर वाफच दबते. दाब कुठेच जात नाही.

आठव्या फेरीला पुनम बसली.

ती बेताच्या वेगाने आली. धोंड्यापाशी पाय दाबला. पेडल लोण्यात सुरी जावी तसं खालपर्यंत गेलं. गाडी चालतच राहिली. मला ओरडायचं होतं. पिवळी रेघ चाकांखालून गेली. समोर बाज, बाजेवर जळबा. पुनमने पेडल सोडून पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, गिअर खाली आणला आणि हँडब्रेक खसकन ओढला. गाडी कण्हत, तिरकी होत, बाजेचा एक पाय मोडून थांबली. जळबा तोवर सत्तरीला न शोभेल अशा उडीने बांधावर पोचले होते.

"मेलो की रे आता!" ते बांधावरून म्हणाले. मेलेल्या माणसाच्या मानाने आवाज खणखणीत होता.

तातेरावांनी रेघीपासून बंपरपर्यंत पावलं मोजली. "एकोणीस. पलीकडं."

"पेडल खाली गेलं, मामा," पुनम सासऱ्यांना म्हणाली. तिचे हात अजून स्टिअरिंगवर होते.

भीमराज धावत आला. त्याने खाली पाहिलं, वर पाहिलं, लाल कॅलिपर पुसला, लोकांना मागे सारलं. एवढ्या सोपस्कारात पंधरा-वीस मिनिटं गेली. तेवढ्यात मी गार झालो आणि वाफेचं पुन्हा पाणी झालं. मग त्याने पेडल दाबलं.

"दगड!" तो म्हणाला. "दाबून बघा कोणी बी."

पाच जणांनी दाबून बघितलं. पाचही जणांना दगड लागला.

"ब्रेकची चूक न्हाई," भीमराज म्हणाला. "बाईमाणसाचा पाय हलका असतो. दम लागतो ह्याला."

"व्हय व्हय," बांधावरून जळबा म्हणाले. "मला तर आधीच वाटत व्हतं." आधीच वाटत असताना बाज तिथे का टाकली, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

हरीश गप्प राहिला. नवरा गप्प राहिला की त्याला समजूतदार म्हणतात. मी त्याला वेगळं नाव ठेवलं आहे, ते इथे लिहिता येणार नाही.

तातेरावांनी हात पुढे केला. "चावी दे, पोरी. बोललो तसं."

पुनमने चावी काढली. पण दिली नाही. मुठीत धरून ती गाडीतून उतरली, चाकाजवळ तळवा नेला, अजून झळ येत होती म्हणून न शिवता मागे घेतला, आणि सासऱ्यांकडे वळली.

"मामा, तुमी आठ फेऱ्या मोजल्या ना?"

"मोजल्या."

"मग अजून आठ करा. मी बसत न्हाई. सात तशाच, लागोपाठ. आन् आठवीला भीमराजभाऊंनी बसावं. त्यांच्या पायात दम हाय."

भीमराजला एकाएकी वसमतचं एक काम आठवलं. कोणाचा तरी ट्रॅक्टर उघडा पडला होता म्हणे. तेही रविवारी आणि तातडीने. जमलेल्या बाकीच्यांतही जनावरांना पाणी पाजायची एक लाटच आली.

"कोणी हलायचं न्हाई," तातेराव म्हणाले. मी या माणसाला हट्टी समजत होतो. तो हट्टी होताच. पण मोजायला बसला की आपला-परका बघत नव्हता. "सुनंचं बोलणं बराबर हाय. हऱ्या, बस. आठ बी तूच कर. आन् जळबा, ती बाज हलीव."

हरीश बसला. पहिली फेरी झकास. तिसरी झकास. सहावीला त्याच्या कपाळावर घाम आला. सातवीला गाडी रेघीला टेकून थांबली. आठवीला मी उकळलो, आणि मनापासून उकळलो. हरीशने पाय दाबला. पाय खाली गेला. त्याने हँडब्रेक ओढला नाही, गिअर खाली आणला नाही. त्याने एकच उपाय केला.

"आबाऽऽऽ!"

या उपायाने मोटार थांबत नाही. ती रेघ ओलांडून, रस्ता सोडून, कालव्याच्या भरावाच्या मऊ मातीत नाकापर्यंत घुसली. लाल कॅलिपर दिसेनासे झाले. पाण्याचं अंतर तिथून दोन हात होतं. हरीश दार उघडून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता.

तातेराव पावलं मोजत आले. "एक्केचाळीस," ते म्हणाले. मग जमलेल्या माणसांकडे वळून शांतपणे विचारलं, "ह्याचा पाय कशाचा हाय?"

जळबांनी धोतर झटकलं.

हरीश मान खाली घालून पुनमजवळ गेला. "मघाशी मी बोलायला पायजे व्हतं."

"व्हय, पायजे व्हतं," ती म्हणाली. एवढंच. मग तिने गाडीतला कप्पा उघडला आणि खालून मोटारीची पुस्तिका काढली. वीस वर्षांत ती पहिल्यांदा बाहेर आली. पानं एकमेकांना चिकटली होती. पुनमने नखाने पान सोडवलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं: ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. उघडे ठेवू नये. काढलेले पुन्हा वापरू नये.

माझ्या सीलवरही याच सूचना होत्या. त्या वाचणाऱ्यांची संख्या मी सांगणार होतो. एक.

"वहिनी, पुस्तकात काय बी लिव्हत्यात," भीमराज पुटपुटला.

"भाऊ, तुमचं वसमतला काम व्हतं ना? जावा मग. येताना सीलबंद बाटल्या आणा. सील मी फोडीन."

दुपारी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. पुनमने समोर उभं राहून मला नळीतून पूर्ण काढायला लावलं, नवं मधासारखं ऑइल येईपर्यंत. नव्याकडे पाहून मला स्वतःचं तरुणपण आठवलं. थोडं बरं वाटलं, थोडं नाही. पाच वाजता पुन्हा रेघ मारली. या वेळी सातही फेऱ्या पुनमने स्वतः केल्या, आठवीही केली, आणि तातेराव शेजारच्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आठव्या वेळी गाडी रेघीच्या सहा पावलं अलीकडे थांबली. ते उतरले, मोजायचं म्हणून मोजलं, आणि काही न बोलता आखाड्याकडे चालू लागले. चावीबद्दल विचारलंच नाही. ती तिच्याकडेच होती.

सोमवारी साडेसहाला मोटार गावाबाहेर पडली. शाळेची घंटा पुनमने वर्गात उभं राहून ऐकली, असं ती संध्याकाळी सांगत होती. गावात मात्र वेगळंच ठरलं आहे. लाल कॅलिपर मातीत जाऊन आल्यामुळे त्यांच्यात दम आला, असं भीमराज सांगतो आणि लोक माना डोलावतात. तीन जणांनी त्याच्याकडे तसेच कॅलिपर मागितले आहेत. त्यांच्या डब्यांतल्या माझ्या भाऊबंदांचा रंग मी विचारणार नाही.

तर मित्रांनो, माझ्या आयुष्याचा बोध काय? ज्यांच्या जिवावर तुम्ही पळता त्यांची वर्षा-दोन वर्षांनी तरी विचारपूस करा. चकाकणाऱ्या वस्तूला हार घालण्याआधी न दिसणाऱ्या वस्तूचं झाकण उघडून पाहा. आणि एखादीचा पाय हलका आहे असं म्हणण्यापूर्वी त्या पायाखाली काय घातलं होतं ते आठवा. हे सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखं आहे, पण लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, त्यामुळे तो खर्च करू नका.

माझी आता एकच विनंती आहे. पुनमने मला बाटलीत भरून, वर 'पुन्हा वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवून, आखाड्याच्या खिडकीत ठेवलं आहे. बाटली बुडाशी जराशी पाझरते, आणि मला रंग खायची खोड आहे. खिडकी तातेरावांनी परवाच निळी रंगवली. कोणी तिकडून जाणार असेल, तर माझ्याखाली एखादा जुना पेपर ठेवा.